पायथ्याचं पाणी आणि पहिला पाऊस

रायगडाच्या पायथ्याशी वसलेल्या हिरकणीवाडीसारख्या वाड्यांबद्दल बातम्या येतात त्या ठरावीक दोन वेळांना. एप्रिल-मेमध्ये टंचाईची बातमी येते, महाड आणि पोलादपूर तालुक्यांतल्या गावांना टँकर लागतात. जुलैमध्ये पुराची आणि दरडीची बातमी येते. या दोहोंच्या मध्ये जूनचे काही आठवडे असतात. तेव्हा पाणी आलेलं असतं, पण नदी अजून पात्रातच असते, त्यामुळे सगळे निश्चिंत असतात. पाण्यातून होणाऱ्या आजारांच्या दृष्टीने मात्र वर्षातला सर्वांत धोक्याचा काळ हाच. जुलाब, कावीळ, विषमज्वर पावसाच्या सुरुवातीला वाढतात, हे आरोग्य खात्याला पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. तरीही आपण गावाच्या आरोग्याचा हिशेब मांडतो तो किती घरांत नळ आले आणि किती घरांमागे संडास उभे राहिले यावर. माझं म्हणणं असं की डोंगरउतारावरच्या वाडीत या दोन आकड्यांवरून पाण्याचा धोका कळत नाही. मैला आणि पिण्याचं पाणी यांच्यात किती जागा आहे आणि किती दिवस आहेत, हे मोजलं तरच तो कळतो. हे अंतर वर्षभर सारखं राहत नाही आणि जूनमध्ये ते सर्वांत कमी होतं.

हे समजण्यासाठी आधी खडकाकडे पाहावं लागतं. हा सगळा प्रदेश लाव्हाच्या थरांवर थर साचून झालेला आहे. बसाल्टचा एकसंध थर पाणी आत घेत नाही. पाणी शिरतं ते भेगांतून, सांध्यांतून, दोन थरांमधल्या कुजलेल्या भागातून. वरचं पाणी उतरत उतरत एखाद्या अभेद्य थरावर येऊन थांबतं आणि आडवं वाहत उताराच्या पोटातून बाहेर पडतं. तोच आपला झरा. इथे वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, पण साठवायला जागा कमी आणि उतार तीव्र, म्हणून बहुतेक पाणी पऱ्ह्यांतून गांधारी आणि काळ या नद्यांकडे व पुढे सावित्रीकडे निघून जातं. टंचाईचं हे कारण अनेकांना माहीत असतं. त्याच रचनेचा दुसरा परिणाम मात्र फारसा कोणी सांगत नाही. खोल मातीतून हळूहळू झिरपणारं पाणी वाटेत गाळलं जातं, त्यातले जीवाणू मातीच्या कणांना चिकटतात, उपाशी मरतात, त्यांचं भक्षण होतं. मातीतून काही मीटर अंतर कापायला पाण्याला आठवडे लागू शकतात आणि तेवढ्यात बहुतेक रोगजंतू नष्ट होतात. खडकाच्या भेगेतून तेच अंतर काही तासांत पार होऊ शकतं, आणि भेगेत गाळणारं काही नसतं. झऱ्याचं पाणी थंड आणि नितळ असतं याचा अर्थ त्यात माती नाही एवढाच. एक ग्रॅम मैल्यात कोट्यवधी जीवाणू असतात, तो हजारो लिटर पाण्यात विरघळला तरी पाण्याच्या रंगात फरक पडत नाही. पिण्याच्या पाण्याचं भारतीय मानक सांगतं की 100 मिलिलिटर पाण्यात ई. कोलाय हा जीवाणू एकही सापडता कामा नये. डोळ्यांना हे तपासता येत नाही.

आता संडासाचा विचार करू. 2 ऑक्टोबर 2014 रोजी सुरू झालेल्या स्वच्छ भारत अभियानात ग्रामीण महाराष्ट्रात मोठ्या संख्येने शौचालयं झाली. ती व्हायलाच हवी होती. अंधाराची वाट पाहणाऱ्या बायका, आजारी आणि म्हातारी माणसं, पावसात चिखल तुडवत जाणाऱ्या मुली यांच्यासाठी घरामागचा संडास किती मोलाचा आहे हे वेगळं सांगायला नको. पण अभियानाने बहुतेक ठिकाणी दिला तो शोषखड्ड्याचा संडास. दोन खड्डे, एक भरला की दुसरा वापरायचा, तोवर पहिल्यातल्या मैल्याचं खत होतं. ही रचना चांगली आहे, मात्र खड्ड्याच्या तळाखाली पुरेशी माती असेल आणि भूजल खूप खाली असेल तरच. पायथ्याच्या वाडीत मातीचा थर अनेकदा हात-दोन हातांचा असतो, त्याखाली मुरूम, आणि मुरमाखाली भेगाळ खडक. विहिरीपासून खड्डा 10-15 मीटर दूर ठेवावा असं सांगितलं जातं, पण तो आकडा मातीसाठी आहे. भेगाळ खडकात तो फारसा आधार देत नाही, आणि उतारावर खड्डा वर व विहीर खाली असेल तर मुळीच नाही. पूर्वी मैला रानात विखुरलेला पडायचा, उन्हात सुकायचा. आता तो घराजवळ, जमिनीखाली, एकाच बिंदूवर जमा होतो. माश्यांची वाट बंद होते, हे फार चांगलं, पण भूजलाची वाट काही ठिकाणी उघडते.

इथे कोकणातल्या माणसांचं वेळापत्रकही लक्षात घ्यावं लागतं. वाडीतली कर्ती माणसं मुंबई, ठाणे, पुणे, सुरत इथे असतात. पाच माणसांच्या कुटुंबासाठी मापलेला खड्डा वर्षातले बरेच महिने दोन-तीन म्हाताऱ्या माणसांच्या वापरात असतो. मग मे महिन्यात सुट्टीला आणि भाद्रपदात गणपतीला चाकरमानी येतात, आणि त्याच घरात पंधरा-वीस माणसं होतात. मे महिन्यात झऱ्याला पाणी सर्वांत कमी असतं, म्हणून सगळी वाडी एकाच झऱ्यावर किंवा एकाच विहिरीवर येते, हंडे-कळश्या तिथेच, कपडे तिथेच, गुरंही तिथेच. गणपतीत गोष्ट उलटी होते. तीन महिन्यांच्या पावसाने भूजल इतकं वर आलेलं असतं की काही खड्ड्यांच्या तळाशी पाणीच उभं असतं, आणि नेमकं तेव्हा खड्ड्यावर वर्षातला सर्वांत मोठा भार पडतो. तळाशी माती कोरडी असेल तर गाळणी चालते, पाण्यात बुडालेला खड्डा मैला सरळ भूजलात सोडतो. संडासांची संख्या मोजणाऱ्या कुठल्याही तक्त्यात हा फरक दिसत नाही, कारण तक्त्यात घर असतं, महिना नसतो.

हिरकणीवाडीच्या बाबतीत आणखी एक गोष्ट घडते. रायगडाच्या रोपवेचं खालचं स्थानक इथे आहे, त्यामुळे गडावर येणाऱ्यांचा मोठा वाटा या छोट्या वाडीतून जातो. शिवराज्याभिषेकाचा सोहळा 6 जूनला होतो, तिथीने ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशीलाही होतो. गड, पायथ्याचं पाचाड गाव आणि तिथल्या सगळ्या वाटा माणसांनी भरून जातात. त्या श्रद्धेचा आदर ठेवूनच एक साधी गोष्ट मांडावीशी वाटते: कोकणात मोसमी पाऊस येतो तोही जूनच्या याच पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात. एवढ्या माणसांचा दोन-तीन दिवसांचा मैला, तोही बराचसा उघड्यावर, गडाच्या उतारावर आणि पायवाटांच्या कडेला पडतो आणि लगेच वरून पाणी येतं. मेच्या उन्हात तडकलेली जमीन पहिलं पाणी भेगांतून आत घेते, जे आत जात नाही ते पृष्ठभाग धुऊन पऱ्ह्यात उतरतं. कोरड्या ऋतूत उतारावर साचलेली माणसांची आणि गुरांची सगळी घाण त्या पहिल्या दोन-चार सरींत झऱ्यांपर्यंत येते. पुढच्या मुसळधार पावसात हेच पाणी इतकं पातळ होतं आणि वाहून जातं की धोका थोडा कमी होतो.

पहिल्या पावसाच्या धोक्याचा सर्वांत नीट तपासलेला दाखला कॅनडातला आहे. ऑंटारिओ प्रांतात वॉकरटन नावाचं सुमारे पाच हजार वस्तीचं गाव आहे. मे 2000 मध्ये तिथे काही दिवस जोराचा पाऊस झाला. गावाला पाणी देणाऱ्या विहिरींपैकी एक उथळ होती आणि भेगाळ चुनखडकात खोदलेली होती. जवळच्या शेतात शेणखत टाकलेलं होतं, आणि पुढे झालेल्या न्यायालयीन चौकशीने स्पष्ट केलं की शेतकऱ्याने ते योग्य पद्धतीनेच टाकलं होतं, त्याचा दोष नव्हता. पावसाने खतातला ई. कोलायचा एक घातक प्रकार भेगांतून विहिरीत नेला. क्लोरीनची मात्रा अपुरी होती, ती रोज मोजली जात नव्हती, नोंदी मात्र भरल्या जात होत्या. सुमारे 2300 माणसं आजारी पडली, 7 दगावली. यातली प्रत्येक कडी आपल्या ओळखीची आहे: उथळ स्रोत, भेगाळ खडक, उतारावरची घाण, पहिला मोठा पाऊस आणि न मोजलेला क्लोरीन. श्रीमंत देशात, घरोघर नळ आणि घरोघर संडास असलेल्या गावात हे घडलं.

यावर पहिला आक्षेप येतो तो परंपरेचा. आमचे वाडवडील याच झऱ्याचं पाणी प्यायले, त्यांना काही झालं नाही. जे जगले त्यांच्या आठवणीतून हे बोललं जातं. पाच-सहा मुलं होऊन दोन-तीनच हाताशी लागायची, त्या काळी बाळांच्या हगवणीला पाण्याशी कोणी जोडत नव्हतं. शिवाय तेव्हा वाडी लहान होती, मैला एका जागी साचत नव्हता, आणि गडावर वर्षाला एवढी माणसं येत नव्हती. गडावरचं पाणी वापरायची रीतही बेफिकीर नव्हती. रायगडावर गंगासागरासारखी तळी वेगळी राखलेली होती आणि राजवाड्याच्या भागात शौचकूप व त्यांचं पाणी बाहेर नेणाऱ्या वाटा आजही दिसतात. पाणी एका जागी, मैला दुसऱ्या जागी, ही समज सतराव्या शतकात गड बांधणाऱ्यांना होती.

परंपरेची दुसरी बाजूही महाडला पाहावी लागते, कारण पाणी कशाने बाटतं यावरचा देशातला सर्वांत मोठा संघर्ष याच शहरात झाला. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा सी. के. बोले यांचा ठराव मुंबई कायदेमंडळाने ऑगस्ट 1923 मध्ये मंजूर केला, महाड नगरपालिकेने 1924 मध्ये चवदार तळं सर्वांना खुलं करायचं ठरवलं, आणि तरीही ते कागदावरच राहिलं. 20 मार्च 1927 रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि त्यांच्यासोबतची हजारो माणसं चवदार तळ्याचं पाणी प्यायली. त्यानंतर सवर्णांनी तळ्याचं शुद्धीकरण केलं: 108 घागरींतून दही, दूध, शेण आणि गोमूत्र तळ्यात ओतण्यात आलं. रॉबर्ट कॉखने कॉलऱ्याचा जंतू ओळखून तेव्हा चाळीसहून अधिक वर्षं झाली होती. तळ्याभोवती वस्ती होती, पावसाचं पाणी तळ्यात उतरत होतं, आणि पाण्याला खरा धोका होता तो या उतारावरून येणाऱ्या घाणीचा. माणसाच्या स्पर्शाला विटाळ मानणारा समाज पिण्याच्या पाण्यात जनावराचं शेण ओतत होता. तळ्याच्या दाव्यात मुंबई उच्च न्यायालयाने 17 मार्च 1937 रोजी बाबासाहेबांच्या बाजूने निकाल दिला. तो हक्काचा निकाल होता. आरोग्याच्या दृष्टीने त्यातून घ्यायचा अर्थ मला असा दिसतो: लक्ष चुकीच्या जागी लागलं की खरा मार्ग मोकळा राहतो. आजही आपल्या गावांत बौद्धवाडी, आदिवासीवाडी, धनगरवाडा यांचे पाणवठे वेगळे, बहुधा दूर आणि दुर्लक्षित असतात. गावठाणातल्या विहिरीचा नमुना तपासून सगळ्या गावाचं पाणी चांगलं ठरतं, तेव्हा या वाड्यांचं पाणी हिशेबातच येत नाही.

दुसरा आक्षेप अधिक अभ्यासू आहे: संडास झाले म्हणजे रोग कमी होणारच, त्यात शंका कसली? शंका घ्यायला आधार आहे. ओडिशातल्या पुरी जिल्ह्यात 100 गावांत झालेल्या मोठ्या चाचणीचे निष्कर्ष 2014 मध्ये प्रसिद्ध झाले. ज्या गावांत काम झालं तिथे संडास असलेल्या घरांचं प्रमाण 9 टक्क्यांवरून 63 टक्क्यांवर गेलं, पण मुलांमधले जुलाब, जंत किंवा कुपोषण यांत मोजण्याजोगा फरक पडला नाही. कारणं अनेक होती. सगळ्यांनी वापरला नाही, लहान मुलांचा मैला बाहेरच टाकला जात राहिला, पाण्याचा स्रोत तोच राहिला. यावरून संडास निरुपयोगी ठरत नाहीत. रोगाच्या अनेक वाटांपैकी एक अर्धवट बंद केली तर जंतू दुसऱ्या वाटेने येतात, एवढंच ठरतं. उलट पाण्यात क्लोरीन टाकण्याच्या वेगवेगळ्या देशांतल्या चाचण्या एकत्र करून पाहिल्या, तेव्हा पाच वर्षांखालच्या मुलांचे मृत्यू साधारण एक चतुर्थांशाने कमी होताना दिसले. म्हणजे पैसा आणि श्रम मर्यादित असतील तर पाण्याच्या शेवटच्या टप्प्यावर, हंड्यात पडण्याआधी, जंतू मारणं हा सर्वांत खात्रीचा उपाय आहे.

तिसरा आक्षेप नळाचा. 15 ऑगस्ट 2019 रोजी जाहीर झालेल्या जलजीवन मिशनने माणशी रोज 55 लिटर पाणी नळाने द्यायचं ठरवलं. नळ आला की विहीर-झऱ्याची चिंता कशाला? नळ हा स्रोत नसतो, ती फक्त वाट असते, आणि ती वाट जिथे सुरू होते तिथलंच पाणी घरात येतं. डोंगरी वाड्यांच्या अनेक योजनांचा उगम नदीकाठची विहीर किंवा झराच असतो. दिवसातून तासभर पाणी सोडलं की उरलेले तेवीस तास नळी रिकामी असते, आणि फुटक्या सांध्यांतून बाहेरचं गढूळ पाणी आत ओढलं जातं. योजना बंद पडली तर काय होतं हे मेळघाटाने दाखवलं. जुलै 2022 मध्ये चिखलदरा तालुक्यातल्या पाचडोंगरी आणि कोयलारी इथे कॉलऱ्याची साथ आली. थकलेल्या वीजबिलामुळे पाणीयोजनेची वीज तोडली गेली होती, लोक उघड्या विहिरीचं पाणी प्यायले आणि माणसं दगावली. शहरंही यातून सुटलेली नाहीत. जानेवारी 2025 मध्ये पुण्याच्या सिंहगड रस्ता परिसरात, नांदेड, किरकटवाडी, धायरी या भागांत, गिया-बारे सिंड्रोमचे रुग्ण अचानक वाढले. हातपाय लुळे पाडणाऱ्या या आजाराच्या काही रुग्णांच्या नमुन्यांत कॅम्पायलोबॅक्टर जेजुनी हा पोटाचा जंतू सापडला. त्या भागाला विहिरीचं पाणी शुद्धीकरण केंद्रातून न जाता केवळ क्लोरीन टाकून पुरवलं जात होतं.

क्लोरीनची शिफारस करताना त्याच्या मर्यादाही सांगायला हव्यात. ग्रामपंचायतीत टीसीएल पावडर (ब्लीचिंग पावडर) येते. साधारण हजार लिटर पाण्याला पाच ग्रॅम पावडर हा रूढ हिशेब आहे. तीन मीटर व्यासाच्या विहिरीत मे महिन्यात दोन मीटर पाणी असेल तर ते 14 हजार लिटर होतं, त्याला 70 ग्रॅम पुरते. त्याच विहिरीत ऑगस्टमध्ये पाच मीटर पाणी असेल तर 35 हजार लिटर होतात आणि 175 ग्रॅम लागते. अंदाजाने वर्षभर सारखीच पावडर टाकली तर पावसाळ्यात, जेव्हा सर्वाधिक गरज असते, तेव्हाच ती अडीच पट कमी पडते. त्यात ही पावडर कोकणच्या दमट हवेत, उघड्या पोत्यात, आपला क्लोरीन भराभर गमावते. नव्या पावडरीत तो सुमारे 33 टक्के असतो, काही महिन्यांनी निम्माही उरत नाही. पाणी गढूळ असेल तर क्लोरीन मातीवरच खर्च होतो. आणि पावडर टाकून अर्धा तास थांबावं लागतं. म्हणून शेवटच्या नळावर ओटी (ऑर्थोटोलिडीन) टेस्ट करून लिटरमागे 0.2 मिलिग्रॅम उरलेला क्लोरीन सापडतो का, हे पाहण्याला पर्याय नाही. काही विषाणू क्लोरीनला सहजी दाद देत नाहीत, हेही लक्षात ठेवायला हवं. 1955-56 मध्ये दिल्लीत यमुनेच्या वझिराबाद केंद्रात सांडपाणी शिरलं. क्लोरीन वाढवला गेला, त्यामुळे विषमज्वराची साथ आली नाही, पण सुमारे 29 हजार माणसांना कावीळ झाली. ती हिपॅटायटिस ई होती हे पुढे कळलं. याच विषाणूची लागण गर्भारपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत झाली तर 20 ते 25 टक्के बायका दगावू शकतात. पावडरीचा वास येतो म्हणून बाया झऱ्यावर परत जातात, ही तक्रारही खरी आहे. मात्रा बरोबर असली तर वास सौम्य असतो आणि हंड्यात काही तास ठेवल्यावर तो बराच उतरतो. वासाची तक्रार आली की पावडर बंद करण्याऐवजी मोजून टाकली तर विश्वास टिकतो.

महाड म्हटलं की रासायनिक प्रदूषणाचा प्रश्न कोणीही विचारेल, आणि तो विचारायलाच हवा. औद्योगिक वसाहतीतलं सांडपाणी आणि सावित्रीचं पात्र हा खालच्या गावांचा, मच्छीमारांचा, शेतीचा गंभीर प्रश्न आहे आणि त्यावर स्वतंत्रपणे लिहिलं जावं. पण पायथ्याच्या वाड्या या कारखान्यांच्या वर, प्रवाहाच्या उगमाकडे आहेत. तिथलं बाळ आजारी पडतं ते रसायनाने नाही, शेजारच्या खड्ड्यातल्या मैल्याने. नदी काळी-पिवळी दिसली की मोर्चा निघतो, झरा नितळ दिसतो म्हणून कोणी विचारत नाही. पुराच्या वेळी मात्र वर-खाली हा भेद मिटतो. 22 जुलै 2021 रोजी अतिवृष्टी झाली, महाड तालुक्यातल्या तळिये गावावर दरड कोसळून ऐंशीहून अधिक माणसं गेली, महाड शहर पाण्याखाली गेलं. पूर ओसरल्यावर घराघरांत जो चिखल उरतो त्यात संडासाच्या टाक्या, गटारं, मेलेली जनावरं, उंदरांचं मूत्र सगळं एक झालेलं असतं. लेप्टोस्पायरोसिसचे जंतू पायाच्या भेगेतून, जखमेतून शरीरात शिरतात, म्हणून अशा वेळी गमबूट घालणं आणि डॉक्टरांच्या सल्ल्याने डॉक्सिसायक्लिन घेणं पाणी उकळण्याइतकंच गरजेचं ठरतं. लावणीच्या दिवसांत अनवाणी चिखलात उभ्या राहणाऱ्या बायांना हा धोका पूर नसतानाही असतो, आणि त्याच आठवड्यांत जुलाबाने पडून राहिलं तर वर्षाची मजुरी आणि भात दोन्ही जातात.

मग करायचं काय? झऱ्याचं रक्षण ही फार मोठी योजना नाही. झऱ्याचा डोळा जिथे आहे तिथपर्यंत मागे खणायचं, तिथे दगडगोट्यांचा थर द्यायचा, बंदिस्त टाकी बांधायची, पाणी फक्त नळीने बाहेर काढायचं, आणि वरच्या बाजूला आठ-दहा मीटरवर एक आडवा चर काढून पावसाचं पृष्ठवाही पाणी बाजूला वळवायचं. भोवती कुंपण घातलं की गुरं येत नाहीत. हे काम मेपूर्वी व्हायला हवं. नवीन संडास बांधताना आधी झरा आणि उतार पाहायचा, मगच जागा ठरवायची. खडकाळ जागी खड्डा उथळ ठेवून जमिनीच्या वर उचलायचा आणि त्याभोवती वाळूचा जाड थर द्यायचा. राज्यात सार्वजनिक पाणवठ्यापासून 500 मीटरच्या आत दुसरी विहीर खोदायला 1993 च्या कायद्याने परवानगी सक्तीची केली होती. पाण्याचं प्रमाण राखण्यासाठी एवढी काळजी घेणारी व्यवस्था त्याच पाण्याच्या वरच्या उतारावर शोषखड्डा किती दूर हवा, याचा खडक पाहून विचार करत नाही, ही उणीव दूर होणं शक्य आहे.

तपासणीचं वेळापत्रकही खडकाच्या चालीने हवं. पाण्याची जैविक तपासणी वर्षातून दोनदा होते, पावसाळ्याच्या आधी आणि नंतर. पाणवठ्याच्या स्वच्छता सर्वेक्षणावरून ग्रामपंचायतीला लाल, पिवळं किंवा हिरवं कार्ड मिळतं. पद्धत चांगली आहे, पण ज्या दिवसांत पाणी सर्वाधिक बिघडतं ते दिवस दोन्ही तपासण्यांच्या मध्ये येतात. पहिल्या मोठ्या पावसानंतर तीन दिवसांच्या आत एक नमुना आणि गणपतीच्या दुसऱ्या दिवशी एक, एवढी भर घातली तर प्रत्येक वाडीच्या झऱ्याचं खरं रूप दोन वर्षांत समोर येईल. त्यासाठी जलजीवनमध्ये गावोगावच्या पाच बायकांना तपासणी संच वापरायचं प्रशिक्षण देण्याची तरतूद आहे. हायड्रोजन सल्फाइड चाचणीच्या बाटलीत पाणी काळं पडलं तर मैला मिसळला असण्याची शक्यता एक-दोन दिवसांत कळते, प्रयोगशाळेत जावं लागत नाही.

शेवटचा आक्षेप पैशाचा आणि माणसाचा. छोट्या ग्रामपंचायतीला हे झेपेल का? पंधराव्या वित्त आयोगाने ग्रामपंचायतींच्या अनुदानातला 60 टक्के भाग बंधित ठेवला, त्यातला निम्मा पिण्याच्या पाण्यासाठी आणि निम्मा स्वच्छतेसाठी. झऱ्याची टाकी, चर, ओटी टेस्टचं द्रावण, पावडरीसाठी झाकणाचा ड्रम हे सगळं त्यात बसतं. अवघड आहे तो जलसुरक्षकाचा प्रश्न. रोज विहीर मोजून पावडर टाकणाऱ्या माणसाला मिळणारं मानधन इतकं तुटपुंजं असतं की लावणीच्या दिवसांत तो आपल्या शेतावर जाणार हे उघड आहे, आणि त्याच दिवसांत विहिरीला त्याची सर्वांत जास्त गरज असते. जून ते सप्टेंबर या चार महिन्यांसाठी त्याला मजुरीइतका मोबदला देणं हा या सगळ्या खर्चातला सर्वांत परिणामकारक खर्च ठरेल. आणि हिरकणीवाडी-पाचाडसारख्या ठिकाणी, जिथे काही दिवसांसाठी लाखोंच्या संख्येने माणसं येतात, तिथला भार वाडीच्या ग्रामपंचायतीवर टाकणं न्याय्य नाही. सोहळ्याच्या तयारीत पाण्याचे टँकर आणि फिरती शौचालयं येतात, ती येत राहोत. त्यांच्या कंत्राटात आणखी एक अट घालता येईल: शौचालयांतला मैला कोणत्या गाडीने, कुठल्या शुद्धीकरण केंद्रावर, किती वाजता रिकामा केला याची नोंद, आणि ती 7 जूनला तहसील कार्यालयाच्या फलकावर.